साडेसहाशे शब्दांतला ‘मी’

बारावीच्या विद्यार्थ्याला ‘स्वतःविषयी काही लिही’ असे सांगितले, की तो प्रथम गोंधळतो आणि मग ‘काय लिहू?’ असा प्रश्न विचारतो. यात त्याचा दोष फारसा नाही. शाळेच्या साऱ्या वर्षांत त्याने ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘मी पंतप्रधान झालो तर’ हे निबंध लिहिलेले असतात. त्यांतील आई पहाटे उठणारी, प्रेमळ आणि कष्टाळूच असावयाची. पाऊस रिमझिमच पडावयाचा. पुस्तकाने आपली कैफियत रद्दीच्या दुकानातच मांडावयाची. परीक्षकाला काय अपेक्षित आहे ते ओळखून शुद्ध भाषेत उतरवून काढणे यालाच आपल्याकडे निबंधलेखन समजले जाते. एका वर्गातील साठ मुलांच्या साठ आया अगदी एकसारख्या निघतात, आणि त्यात शिक्षकांना, पालकांना वा खुद्द मुलांना काही वावगे वाटत नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयात पदवीच्या शिक्षणासाठी अर्ज करावयाचा झाला म्हणजे मात्र हीच सवय आडवी येते. तेथील एक हजाराहून अधिक महाविद्यालये आणि विद्यापीठे ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा सामाईक अर्ज स्वीकारतात. १९७५ साली पंधरा खासगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन ही व्यवस्था सुरू केली. गुणपत्रके, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि अभ्यासाबाहेरील उद्योगांची यादी यांच्या जोडीला या अर्जात एक वैयक्तिक निबंध असतो. कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्द, एवढीच त्याची चौकट. सोबत सात प्रश्न सुचविलेले असतात. अपयशातून काय शिकलात, एखाद्या रूढ समजुतीविषयी तुम्हांस शंका केव्हा आली, कोणत्या विषयात रमले असता वेळेचे भान राहत नाही, अशा स्वरूपाचे ते आहेत. आणि सातवा प्रश्न सरळ ‘आपल्या पसंतीच्या कोणत्याही विषयावर लिहा’ असे सांगून मोकळा होतो. हा सातवाच बहुधा सर्वांत अवघड. कॅलिफोर्निया विद्यापीठाची पद्धत वेगळी आहे. ते आठ प्रश्न देऊन त्यांतील चारांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे मागते. शिकागो विद्यापीठाची ख्याती तर चमत्कारिक प्रश्नांबद्दलच आहे. ‘क्ष शोधा’ एवढाच मजकूर असलेला प्रश्नही त्याने एकदा घातला होता.

हा मूठभर श्रीमंतांच्या मुलांचा प्रश्न आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येत नाही. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली होती. त्यांत पदवीपूर्व वर्गांतील विद्यार्थी ३६ हजारांच्या आसपास होते. बहुसंख्य विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले, आणि त्यांना ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ या नावाने निबंधाचाच एक चुलतभाऊ लिहावा लागतो. आपल्या देशातही अशोका विद्यापीठासारख्या संस्था प्रवेशाच्या अर्जात निबंध मागतात. शिवाय हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट या संस्था परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत न पाहता प्रवेशाचा निर्णय करतात आणि प्रवेश दिल्यावर त्याच्या गरजेइतके संपूर्ण अर्थसाहाय्य देतात. तेव्हा जिल्हा परिषदेतील कारकुनाच्या मुलीलाही ते दार तत्त्वतः उघडे आहे. ते दार किती अरुंद आहे, हे एका आकड्यावरून कळेल. २०२३ साली हार्वर्डकडे सुमारे ५७ हजार अर्ज आले आणि त्यांतून १,९४२ जणांना प्रवेश देण्यात आला. गुणांच्या बाबतीत एकमेकांपासून वेगळे काढता न येणारे हजारो अर्ज पुढ्यात असले, म्हणजे वाचणाऱ्याचे लक्ष निबंधाकडे वळणारच.

निबंधाचे कुळ

या निबंधाचे कुळ मात्र फारसे स्पृहणीय नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डसारख्या संस्थांत प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळत असे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची हुशार मुले त्या परीक्षा उत्तीर्ण होऊ लागली आणि १९२२च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण एक-पंचमांशाहून अधिक झाले. अध्यक्ष लॉवेल यांना ते खुपले. त्यांनी पंधरा टक्क्यांची मर्यादा घालण्याचा विचार मांडला. पण उघड मर्यादा प्राध्यापकवर्गाला मानवली नाही. मग मार्ग निघाला तो आडवळणाचा. अर्जात आईचे माहेरचे नाव, धर्म, वडिलांनी वा स्वतः अर्जदाराने आडनाव बदलले आहे काय, असे प्रश्न आले. पुढे छायाचित्र आले. आणि केवळ बुद्धी न पाहता ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ पाहण्याची भाषा रूढ झाली. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द चोझन’ या ग्रंथात हा इतिहास तपशिलाने दिला आहे. अर्जदाराची ‘ओळख’ करून घेण्याची आजची पद्धत त्याच परंपरेची वारसदार होय.

इतिहासाची गंमत अशी, की शंभर वर्षांनी हेच साधन उलट्या कामासाठी वापरण्याची वेळ आली. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घेण्यास बंदी केली. तथापि वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः लिहिले, तर ते एका व्यक्तीचा अनुभव म्हणून विचारात घेण्यास प्रत्यवाय नाही, असेही निकालपत्रात नमूद झाले. त्यासरशी जो भार पूर्वी अर्जातील एका चौकोनावर होता, तो निबंधावर येऊन पडला.

नावीन्याचा बाजार

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीचे प्रमेय दिसेल. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली नोकरीच्या बाजारासंबंधी लिहिताना असे दाखविले, की उमेदवाराचे खरे गुण मालकाला दिसत नसल्याने उमेदवार काही खुणा दाखवितो. आणि ज्याच्या अंगी तो गुण नाही त्याला ती खूण दाखविणे महाग पडत असेल, तरच त्या खुणेला किंमत राहते. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. निबंध ही अशीच एक खूण. तो लिहावयास विचार लागतो, वेळ लागतो, स्वतःकडे पाहण्याचे धैर्य लागते, असे गृहीत धरून वाचणारा त्याला महत्त्व देतो. पण खुणेला मोल आले, की ती बनवून देणारे कारागीरही उभे राहतात. विषय सुचविणारे, मसुदा तपासणारे, आणि वेळप्रसंगी सबंध निबंधच लिहून देणारे सल्लागार आज मुंबई-पुण्यातही आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ६० हजार अर्जदारांचे निबंध तपासण्यात आले. निबंधांतील विषय व शैली यांचे घरच्या उत्पन्नाशी असलेले नाते ‘एसएटी’ परीक्षेतील गुणांच्या नात्याहूनही घट्ट आढळले. परीक्षा श्रीमंतांना धार्जिणी आहे, म्हणून निबंधाकडे वळणाऱ्यांनी हा निष्कर्ष विसरून चालणार नाही.

‘नवा विषय’ या कल्पनेचेही बाजारात असेच मातेरे होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ दरवर्षी यशस्वी निबंधांचे नमुने प्रसिद्ध करते. हेतू चांगला, पण नमुना प्रसिद्ध झाला की आपल्याकडील ‘अपेक्षित प्रश्नसंचा’सारखा त्याचा उपयोग होऊ लागतो. २०१६ साली एका मुलीने ‘कॉस्टको’ या अवाढव्य घाऊक दुकानात लहानपणापासून केलेल्या भटकंतीवर निबंध लिहिला. स्टॅनफर्डसह अनेक नामांकित विद्यापीठांत तिला प्रवेश मिळाला आणि तो निबंध सर्वत्र वाचला गेला. त्या निबंधातील दुकान कोणीही उचलावे असे आहे. पण त्यात हिंडणारी चौकस मुलगी उचलता येत नाही. दुसऱ्या दिवशी ‘आमच्या येथील डी-मार्ट’ या विषयावर लिहू पाहणाऱ्याच्या हाती फक्त सामानाची ढकलगाडी उरते.

अमेरिकेतील मुलांचे ठरीव विषय ठरलेलेच असतात. सामन्यातील दुखापत आणि पुनरागमन, उन्हाळ्यात दोन आठवडे एखाद्या गरीब देशात जाऊन बांधलेली शाळा, आजोबांचा मृत्यू. न्यू जर्सीतील वा कॅलिफोर्नियातील मराठी घरांत वाढलेल्या मुलांना डब्यातील पोळीभाजीला वर्गमित्रांनी नाक मुरडल्याचा प्रसंग आठवतो. तो प्रसंग खराही असतो; पण तो इतक्यांनी लिहिला आहे, की आता त्या डब्याचे झाकण उघडण्यापूर्वीच वाचणाऱ्याला वास येतो. इकडून अर्ज करणारी मुले झोपडपट्टीतील मुलांना शिकविलेले इंग्रजी, आयआयटीच्या शिकवणीवर्गाचा ताण, किंवा आजीने सांगितलेल्या गोष्टी यांच्याकडे वळतात. हे विषय वाईट आहेत असे नव्हे. विद्यार्थ्याने विषय शोधण्यापूर्वी वाचणाऱ्याची आवड शोधलेली असते, आणि ती आवड सर्वांनी एकच कल्पिलेली असते, ही खरी अडचण आहे. ‘माझी आई’ लिहिताना परीक्षक जसा डोळ्यांपुढे असे, तसाच येथे बॉस्टनमधील कोणी अधिकारी असतो. सवय तीच, पत्ता तेवढा बदललेला.

घरातील पुरावा

वस्तुतः मराठी वाचकाला या बाबतीत परक्या घरी जाऊन शिकण्याचे कारण नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा निबंध म्हणजे युक्तिवाद आणि खंडनमंडन असा अर्थ रूढ झाला. पण पुढे ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध रुळविला आणि क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीही साहित्याच्या अंगणात आल्या. तो प्रकारही यथावकाश ठरीव झाला, ही गोष्ट वेगळी. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या संग्रहातील लेख या संदर्भात मुद्दाम आठवावा असा आहे. सभेत लेखिकेची ओळख थोर सासऱ्यांची सून, नामवंत पतीची पत्नी अशी करून दिली जाते. स्वतःचे कर्तृत्वही लहान नाही. तरी त्या ओळखीत काहीतरी राहून गेल्यासारखे तिला वाटत राहते. ते राहिलेले मिळते कोठे, तर रस्त्यावर! शाळेतील काही मुले तिला पाहून, ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई, असे एकमेकांना सांगतात आणि तिची ओळख पुरी होते. मानववंशशास्त्रातील एका थोर विदुषीने स्वतःची ओळख करून देण्यासाठी निवडला तो हा प्रसंग. त्यात ना संकट आहे, ना पारितोषिक.

विषयाचे नावीन्य हे प्रसंगाच्या दुर्मीळपणात नसते. या प्रसंगातील कोणती गोष्ट दुसऱ्या कोणालाही ठाऊक असणे शक्य नाही, या प्रश्नाच्या उत्तरात ते असते. एका कल्पित उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल.

समजा, सांगलीच्या गावभागातील एका किराणा दुकानदाराचा मुलगा असा अर्ज करतो आहे. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. निबंधाचा विषय म्हटल्याबरोबर त्याला पूर आठवतो. पहिला मसुदा तो एका बैठकीत लिहून काढतो. निसर्गाच्या रौद्र रूपापुढे माणूस क्षुद्र आहे; मदतकेंद्रात अन्नाची पाकिटे वाटताना त्याला मानवतेचे दर्शन घडले; आणि त्याच क्षणी त्याने पर्यावरणाच्या अभ्यासाला वाहून घेण्याचे ठरविले. यांतील एकही वाक्य खोटे नाही. पण २०१५ साली चेन्नईत, २०१७ साली ह्यूस्टनमध्ये आणि २०१८ साली केरळात पूर आला होता, आणि तेथील मुलांनीही अर्ज केले असणार. ‘सांगली’ हा शब्द खोडून ‘ह्यूस्टन’ लिहिले, तर या मसुद्यातील दुसरा कोणताही शब्द बदलावा लागत नाही.

शिफारसपत्र मागण्यासाठी तो आपल्या शिक्षकांकडे जातो. ते मसुदा वाचतात आणि एवढेच विचारतात, “पाणी उतरल्यावर दुकानात पहिल्यांदा शिरलास, त्या दिवशी तू हातांनी काय काम केलेस?”

मुलगा सांगू लागतो. साखरेची पोती विरघळली होती, तेलाचे डबे तरंगत जाऊन मागच्या भिंतीला लागले होते. पण त्याला काम दिले होते ते उधारीच्या वह्या वाळविण्याचे. जुनी पाने वडिलांच्या हातची, बॉलपेनने लिहिलेली. ती चिखलाने माखली तरी अक्षर टिकले होते. आदल्या वर्षापासून मात्र वही लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले होते. त्याचे अक्षर चांगले म्हणून वडिलांनी ते कौतुकाने दिले होते. त्याने शाळेतील आवडत्या जेलपेनने नोंदी केल्या होत्या. तेवढी पाने निळ्या डागांची झाली होती. कोणाकडे किती येणे, ते त्या पानांवर उरले नव्हते.

मग गिऱ्हाईके येऊ लागली. ज्यांची घरे आठवडाभर पाण्यात होती तीच माणसे दारात उभी राहून “अण्णा, माझे साडेचारशे होते” असे सांगू लागली. वडील काही न विचारता सांगतील तो आकडा नव्या वहीत बॉलपेनने लिहीत. कोणी कमी सांगितले, कोणी मुलाच्या आठवणीपेक्षा जास्तच सांगितले. एक जण आलाच नाही. त्याची नोंद मुलाला पक्की आठवत होती, कारण ती त्याने स्वतःच केली होती. आणि तो माणूस रोज समोरून जात होता. एकदा मुलाने तोंड उघडले, तेव्हा वडिलांनी नुसत्या डोळ्यांनी त्याला गप्प केले.

“हे का लिहिले नाहीस?” असे शिक्षक विचारतात. मुलाला वाटते, यात लिहिण्यासारखे काय आहे? ही तर आमच्या घरातली गोष्ट! आपल्याकडील असंख्य विद्यार्थ्यांचा विषय या एका वाक्यापाशी हरवतो.

उधारीच्या त्या वहीत अर्थशास्त्राचे निम्मे पाठ्यपुस्तक सामावलेले आहे. लेखी करार नाहीसा झाल्यावर देवघेव कशावर चालते, माहिती फक्त ऋणकोपाशी असताना धनको काय करतो, पत म्हणजे काय, हे सारे त्यात आहे. पण मुलाने ते तसे सांगण्याची गरज नाही. किंबहुना त्याने ते सांगू लागताच निबंध बिघडेल. त्याची चूक, वडिलांचे मौन आणि निळे झालेले पान एवढे नीट मांडले, तर पानापलीकडचा अपरिचित माणूस त्याला ओळखू लागेल. सल्लागार बहुधा म्हणेल, की यात नेतृत्वगुण कोठे आहे? शेवटी काही उपक्रम हवा. गावातील दुकानदारांसाठी हिशेबाची संगणकीय प्रणाली तरी तयार केल्याचे दाखवा. हा सल्ला व्यवहारी दिसतो खरा. पण उपक्रमांच्या यादीसाठी अर्जात स्वतंत्र जागा आहे, आणि जे घडले नाही ते लिहिणे याला दुसरे नाव आहे.

दुःखाचे भांडवल

याहून नाजूक प्रश्न दुःखाचा. ज्या घरात खरोखर आपत्ती कोसळली आहे, बाप कर्जापायी गेला आहे, आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करते आहे, त्या घरातील मुलाला ‘तुझ्यापाशी तर फार प्रभावी विषय आहे’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू भलाच असतो. परंतु त्या मुलाला त्यातून असा अर्थ लागतो, की आपल्या गुणांना फारशी किंमत नाही, आपल्या जखमेला आहे. आणि प्रवेश मिळावयाचा तर ती दाखविली पाहिजे. २०२३च्या निकालानंतर अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपुढेही हाच पेच अधिक तीव्रतेने उभा राहिला. अशा मुलाने आपल्या दुःखावर लिहू नये, असे कोणी म्हणणार नाही. तो त्याचा अधिकार आहे. पण त्याला पतंग, बुद्धिबळ किंवा विहिरीवरील पंपाची दुरुस्ती यांवर लिहावयाचे असेल, तर तोही त्याचा अधिकारच आहे, आणि तो त्याला कोणी आठवून देत नाही. सुखवस्तू घरातील मुलाने छंदावर लिहावे आणि गरिबाच्या मुलाने गरिबीवर, ही विषयांची वाटणी मुलांनी केलेली नाही.

शिवाय घरातील दुःख एकट्या मुलाच्या मालकीचे नसते. आईच्या आजाराची हकीकत सात समुद्रांपलीकडे पाठविताना आईला विचारावयास नको काय? अनेक घरांत हा निबंध आईवडिलांना कधी वाचून दाखविलाच जात नाही. कधी इंग्रजीची अडचण, कधी संकोच.

आता यंत्राचा मुद्दा राहिला. नोव्हेंबर २०२२मध्ये ‘चॅटजीपीटी’ आले आणि निर्दोष इंग्रजीत साडेसहाशे शब्द लिहून घेणे जवळजवळ फुकट झाले. ड्यूक विद्यापीठाने २०२४ साली निबंधाला अंक देण्याची पद्धतच बंद केली. निबंध वाचला जातो, पण त्याचे गुण मांडले जात नाहीत. स्पेन्स यांच्या भाषेत बोलावयाचे तर खूण स्वस्त झाली आणि तिचे मोल उतरले. कोणी म्हणेल, उधारीची वही तरी यंत्राला का सुचू नये? सुचेलही. यंत्र पूर आणील, वही आणील, पश्चात्तापही आणील. निबंध एकटा स्वतःची साक्ष देऊ शकत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण तो अर्जात एकटा नसतो. त्याच्या शेजारी शिक्षकाचे पत्र असते. निबंधातील मुलगा आणि पत्रातील मुलगा एकच आहे असे वाचणाऱ्याला वाटले, तर त्या जुळण्याला अजून किंमत आहे. यासाठी शिक्षकाने विद्यार्थ्याला ओळखलेले असावे लागते. ऐंशी मुलांच्या तुकड्या, तपासावयाच्या वह्यांचे गठ्ठे आणि निवडणुकांपासून जनगणनेपर्यंत अंगावर पडणारी कामे यांतून ती ओळख करून घेण्यास शिक्षकाला सवड कोठून मिळावयाची, हे सल्लागारांच्या कोष्टकात येत नाही. ‘हा विद्यार्थी हुशार, आज्ञाधारक व कष्टाळू आहे’ असे लिहिलेली शिफारसपत्रे म्हणजे ‘माझी आई’चीच दुसरी आवृत्ती. विद्यार्थ्याला ठरीव लिहू नकोस असे सांगणाऱ्यांनी आपले पत्रही एकदा वाचून पाहावे.

सांगलीच्या त्या मुलाकडे परत यावयाचे तर त्याचा दुसरा मसुदा पहिल्यापेक्षा पुष्कळ हळू लिहून होतो. अर्ज जानेवारीच्या पहिल्या तारखेपर्यंत जावयाचा. डिसेंबरचे दोन आठवडे एका प्रश्नात जातात. जो आला नाही, त्याच्याविषयी लिहावे काय? त्याला वगळले तर गोष्ट गोड होते आणि खोटी ठरते. त्याला आणले, तर जो अजूनही समोरून जातो अशा माणसावर परमुलखात बसून निकाल दिल्यासारखे होते. त्याच्याही घरात पाणी शिरले असेल. त्याला खरोखरच आठवत नसेल. अखेर मुलगा त्याला आणतो, पण नाव, धंदा, गल्ली काहीही लिहीत नाही. फक्त रक्कम लिहितो, आणि आपण ती विसरलो नाही, हे लिहितो.

अर्ज पाठविण्याच्या आदल्या रात्री तो दुकान बंद झाल्यावर सगळा निबंध वडिलांना मराठीत सांगतो. वडील गल्ल्यातील नोटा लावीत ऐकतात. जेलपेनाचा उल्लेख येतो तेव्हा त्यांचे हात थांबत नाहीत. न आलेल्या माणसापाशी मात्र थांबतात.

“अकराशे चाळीस लिहिलेस?” ते विचारतात. “अकराशे साठ होते.”